सालीखालचा साक्षीदार



ह्या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा मी हमालीच्या दरावर किंवा माथाडी कायद्यावर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी विषय कळवला तेव्हा एका चालकांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. "झाडाच्या सालीखालचे किडे म्हणालात ना?" मी म्हणालो, "होय, तेच." त्यांनी मोठ्या मनाने परवानगी दिली. आता ती परवानगी सार्थकी लावणे माझ्याकडे आले आहे.

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे शिक्षण काही गुदामात झाले आणि काही करवीर नगर वाचन मंदिरात झाले. १८५० साली सुरू झालेल्या त्या ग्रंथालयात अंगाला पोत्याचा वास घेऊन बसणाऱ्या मुलाला कोणी उठवले नाही, हे त्या संस्थेचे माझ्यावर ऋण आहे. तेव्हा मी कोणी कीटकशास्त्रज्ञ नाही. एका किड्याशी माझी गाठ मजुरीच्या भांडणात पडली, आणि ते भांडण मिटल्यावरही किडा काही माझ्या डोक्यातून गेला नाही. त्याची ही हकीगत आहे.

१९९६ सालचा ऑगस्ट महिना. कोल्हापूरचा पाऊस आपल्याला सांगायला नको. आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, भिंतीला हात लावला तर हात ओला होतो. आमची अकरा जणांची टोळी एका व्यापाऱ्याच्या गुदामात गव्हाची थप्पी लावत असे. त्या वेळी पोते शंभर किलोचे. एके दिवशी मालकांनी थप्पी हलवायला सांगितली, आणि खालच्या पोत्यांवर बारीक तपकिरी किडे धावताना दिसले. मालक म्हणाले, "तुम्ही भिजलेली पोती आणून लावलीत. त्यांतून कीड आली. नुकसान तुमच्या हमालीतून कापणार." अकरा माणसांची आठ दिवसांची हमाली अडकली.

मी तेव्हा संघटनेच्या कामाला नुकताच लागलो होतो. तरुण कार्यकर्त्याला जे येते ते मी केले. दारात उभा राहून घोषणा दिल्या. मालकांनी दार लावून घेतले. संध्याकाळी आमच्या टोळीतला एक वयस्कर गडी काड्याच्या पेटीत चार किडे घालून माझ्याकडे आला आणि म्हणाला, "ह्यो गव्हाचा किडा न्हवं. गव्हाचा असता तर दाणं पोकळ झालं असतं. दाणं तर सगळं धड हाईत." त्या माणसाला अक्षर येत नव्हते. पण तीस वर्षे त्याच्या पाठीवरून धान्य गेले होते, आणि पाठीमागोमाग डोळेही शिकले होते.

ती काड्याची पेटी घेऊन मी एका महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांकडे गेलो. त्यांनी किडा भिंगाखाली ठेवला, बराच वेळ पाहिला, आणि मला एवढेच विचारले, "गुदामात वास कसला येतो?" मी म्हणालो, "कुबट." ते म्हणाले, "मग हा गहू खायला आलेला नाही. हा बुरशी खायला आलेला आहे. बुरशी कोठून आली ते शोधा."

आता हा किडा कोण, ते थोडे सविस्तर सांगतो.

भुंगेऱ्यांमध्ये सिल्व्हानिडी नावाचे एक कुळ आहे. 'सिल्व्हा' म्हणजे लॅटिन भाषेत रान. ह्या कुळात सुमारे ५०० जाती आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांचे आयुष्य मेलेल्या झाडाची साल आणि आतले लाकूड ह्यांच्यामधल्या फटीत किंवा कुजणाऱ्या पाल्यात जाते. झाड पडले, त्यावर एक-दोन पावसाळे गेले, म्हणजे साल सैल होते. आपण दाजीपूरच्या रानात किंवा घरामागच्या जळणाच्या ढिगात अशी साल उचकटून पाहिली असेल. आत पांढऱ्या सुताची जाळी पसरलेली दिसते. ती बुरशी. त्या जाळीवर आणि तिच्या बीजकणांवर ह्या कुळातले बहुतेक जीव पोसतात. लाकूड कुजवण्याचे काम बुरशी करते, आणि बुरशीवर ह्यांची उपजीविका चालते. जिवंत झाडाला ह्यांचा उपद्रव नाही.

फटीत राहायचे म्हणून शरीर चपटे. इतके चपटे की वरून कोणीतरी बोटाने दाबून ठेवल्यासारखे वाटावे. गुदामात भेटणारे ह्या कुळातले किडे दोन ते तीन मिलिमीटर लांबीचे असतात, म्हणजे मोहरीच्या एक-दीड दाण्याएवढे. माणसाच्या नजरेत भरावे असे त्यांच्याजवळ काही नाही. फुलपाखराला कौतुक मिळते, मधमाशीला मान मिळतो. ह्यांना मिळालीच तर शिवी मिळते.

माझ्या पेटीतल्या किड्याचे शास्त्रीय नाव अहास्वेरस ॲडव्हेना. 'ॲडव्हेना' म्हणजे बाहेरून आलेला, उपरा. युरोपातल्या एका दंतकथेत जन्मभर भटकत राहणाऱ्या माणसाचे नावही अहास्वेरस असेच आहे. मला ते नाव वाचून आमचीच माणसे आठवली. पोटासाठी एका गावचा माल दुसऱ्या गावी उतरवणारे, आणि काही बिघडले की पहिल्याने ज्यांच्याकडे बोट जाते ते. ह्या किड्याच्या मानेखालच्या भागाला, म्हणजे त्याच्या खांद्यांना म्हणा, पुढच्या दोन्ही कोपऱ्यांवर बोथट गाठी असतात. भिंगातून पाहिले की ओळखण्यात चूक होत नाही. आणि त्याची मुख्य गोष्ट अशी, की बुरशीवाचून त्याचा वंश वाढत नाही. गहू कोरडा आणि स्वच्छ असेल तर तेथे ह्याचे बस्तान बसणार नाही.

त्याचा एक भाऊबंद मात्र इतका निर्दोष नाही, आणि त्याचे नाव मी लपवणार नाही. ओरायझीफिलस सुरिनामेन्सिस. ओरायझा म्हणजे तांदूळ, फिलस म्हणजे प्रेमी. स्वीडनचा पंडित लिनियस ह्याच्याकडे दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामहून नमुने आले म्हणून पुढचे नाव तसे पडले. वास्तविक हा किडा साऱ्या जगात आहे. ह्याच्या खांद्याच्या दोन्ही कडांना सहा-सहा दात असतात, अगदी करवतीच्या पात्यासारखे. आपल्या घरात रवा, शेवया, खारीक, बेदाणे ह्यांत जो धावरा तपकिरी किडा दिसतो, तो पुष्कळदा हाच. त्याचा आणखी एक जुळ्यासारखा भाऊ आहे, त्याला शेंगदाण्यासारखे तेलकट पदार्थ अधिक आवडतात. त्याच्या नावाचा अर्थच 'व्यापारी' असा आहे. हे नाव मी ठेवलेले नाही, एवढे येथे बसलेल्या व्यापारी मित्रांनी लक्षात घ्यावे.

करवतीच्या दातांचा हा किडा धान्य खातो, पण तोही धड, न फुटलेला दाणा सहसा फोडू शकत नाही. सोंडा आधी दाण्याला भोक पाडतो, किंवा गिरणीत तांदूळ तुटतो, मळणीत गहू चिरडतो. मग त्या चुऱ्यावर, त्या चिरेतून हा शिरतो. म्हणून शास्त्रज्ञ त्याला दुय्यम कीड म्हणतात. उबदार हवेत अंड्यापासून पूर्ण भुंगेरा व्हायला तीन-चार आठवडे पुरतात. एकदा संख्या वाढली की त्यांच्या श्वासोच्छ्वासानेच धान्य तापते, उबेने ओलावा एका जागी गोळा होतो, आणि तेथे बुरशी धरते. म्हणजे जंगलातले जुने घर तो गुदामात पुन्हा उभे करतो.

सालीखालून हे जीव गुदामात आले कसे, हा प्रश्न मला फार दिवस छळत होता. उत्तर सोपे निघाले. त्यांना बदलावेच लागले नाही. सालीखाली काय असते? अंधार, ओल, अरुंद फट, भुगा आणि बुरशी. आमच्या गुदामात काय असते? तेच. पोत्याची शिवण ही त्याला सालीची चीर वाटते, दोन पोत्यांमधली जागा ही लाकूड आणि साल ह्यांमधली जागा वाटते. माणसाने शेती केली, धान्य साठवले, आणि नकळत एक भलेमोठे मेलेले झाड बांधून ठेवले. त्या झाडाला पाने नाहीत, पण साल आहे.

ही गोष्ट आजकालची नाही. इंग्लंडमध्ये यॉर्क शहरी कोनी स्ट्रीट नावाच्या रस्त्यावर गेल्या शतकाच्या आठव्या दशकात उत्खनन झाले. तेथे रोमन लोकांची, इसवी सनाच्या पहिल्या शतकातली, लाकडी वखार सापडली. जमिनीत सोंड्यांचे आणि ह्या करवतीच्या दातांच्या किड्यांचे अवशेष अक्षरशः थरांनी होते. अभ्यासकांचा निष्कर्ष असा, की किडीने वखार निकामी केली, तेव्हा रोमनांनी ती पाडली, वर मातीचा जाड थर दिला, आणि मग त्यावर दुसरी वखार बांधली. ते वाचताना माझ्या मनात आले, की त्या वखारीतही कोणीतरी पोती वाहिली असतील. त्यांच्या मजुरीतून किती कापले, ते मातीच्या थरात मिळत नाही.

आता आपल्या गुदामाकडे परत येऊ.

प्राध्यापकांच्या सांगण्यावरून मी मालकांकडे पुन्हा गेलो. ह्या वेळी घोषणा दिल्या नाहीत. म्हणालो, "थप्पी पश्चिमेच्या भिंतीपर्यंत खोलू या. खोलण्याची हमाली मागत नाही." मालक कबूल झाले. दुपारपर्यंत भिंत मोकळी झाली. भिंतीलगतची खालची पोती हिरवी-काळी पडली होती. खाली लाकडी फळ्या नव्हत्या, पोती थेट फरशीवर होती. वर पाहिले तर छपराची पन्हळ भिंतीच्या आतल्या अंगाला फुटलेली होती, आणि जून महिन्यापासून तेथून पाणी झिरपत होते. आम्ही लावलेली वरची पोती कोरडी होती. मालक काही वेळ गप्प उभे राहिले. आठ दिवसांपैकी सहा दिवसांची हमाली त्यांनी दिली. उरलेले दोन दिवस राहिलेच. पन्हळ पुढच्या उन्हाळ्यात दुरुस्त झाली. आमच्या चळवळीत विजय बहुधा ह्याच मापाचे असतात.

पण त्या दिवशी मला एक गोष्ट समजली. आम्ही किड्याला चोर समजत होतो, आणि मालक आम्हांला. किडा तर साक्षीदार होता. 'येथे ओल आहे, येथे बुरशी आहे' एवढेच तो सांगत होता. साक्षीदाराला चिरडून खटला मिटवण्याची सवय आपल्या समाजाला फार आहे. कीडनाशक मारले, धूर दिला, किडे मेले, की सगळे समाधानाने घरी जातात. पन्हळ फुटलेलीच राहते. शिवाय गुदामात जो विषारी वायू वापरतात तो किड्याप्रमाणेच माणसालाही मारतो. तो शिकलेल्या माणसाच्या हातूनच वापरला गेला पाहिजे, आणि गुदाम पुरते हवेशीर झाल्याशिवाय कोणा हमालाला आत पाठवता कामा नये.

बुरशी ही काही केवळ वासाची बाब नाही. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. कारण शोधता शोधता शेंगदाण्याच्या पेंडीवरची बुरशी सापडली, आणि तिच्यातले विष. त्या विषाला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. १९७४ साली आपल्याच शेजारी, गुजरात आणि राजस्थानच्या आदिवासी भागात, अवकाळी पावसाने भिजलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसे यकृताच्या आजाराने गेली. त्या घरांत दुसरे धान्य नव्हते. फेकून देण्याची ऐपत लागते. बुरशीचा मका फेकायचा तर त्याच्या जागी खायला काही हवे ना? भिजलेल्या उसाच्या चिपाडाची धूळ छातीत जाऊन जो रोग होतो त्याला बगॅसोसिस असे चिपाडावरूनच नाव पडले आहे. आमच्या माणसांना पावसाळ्यात जो खोकला लागतो तो सगळा विडीचाच असतो, असे मानून औषध देणाऱ्यांनी कधीतरी गुदामाचा वास घेऊन पाहावा.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगा शहरात आली, तेव्हा सखल भागातल्या दुकानांत आणि गुदामांत पाणी शिरले. पाणी ओसरल्यावर भिजलेला माल बाहेर काढायला पहिल्याने आमचीच माणसे गेली. तो वास ज्यांनी घेतला ते विसरणार नाहीत. आणि त्यानंतर महिन्याभराने कोपऱ्याकोपऱ्यांतून माझा हा जुना ओळखीचा उपरा धावू लागला. पुराची पातळी लोकांनी भिंतीवर रेघ मारून ठेवली. ओल कोठवर चढली होती, ते ह्याने सांगितले.

येथवर ऐकून आपणांस वाटेल, की युनियनवाल्याने किड्यालाही आपल्या बाजूने उभे केले. म्हणून आता दुसरी हकीगत सांगतो. ती सांगायला मला आवडत नाही.

पहिल्या प्रसंगानंतर पाच-सहा वर्षांनी, दुसऱ्या एका गुदामात तोच किडा निघाला. मालकांनी आमच्यावर आरोप केला, आणि मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "भिंत दाखवा." भिंत कोरडी. फळ्या जागेवर. छप्पर धड. थप्पी खोलत गेलो, तर मधोमध, चारी बाजूंनी कोरड्या पोत्यांनी झाकलेली, सहा पोती कुजलेली निघाली. मी आमच्या टोळीकडे पाहिले. कोणी वर पाहीना. संध्याकाळी उशिरा ट्रक आला होता, ताडपत्री फाटलेली होती, पाऊस चालू होता, घरी जायची घाई होती. भिजलेली पोती बाजूला काढून सांगायचे, तर थांबावे लागले असते. म्हणून ती आत दडपली.

रात्री संघटनेच्या खोलीत बैठक झाली. काही जण म्हणाले, "तू आमचा सेक्रेटरी आहेस. काहीही सांग, पण आमच्यावर येऊ देऊ नकोस." मी पहाटेपर्यंत जागा होतो. पहिल्या वेळी आम्ही ज्या साक्षीवर भरवसा ठेवला, तीच साक्ष आता आमच्याविरुद्ध गेली म्हणून ती खोटी ठरवायची काय? सकाळी जाऊन मी मालकांना खरे ते सांगितले. सहा पोत्यांची भरपाई टोळीने हप्त्याने केली. दोन सभासद संघटना सोडून गेले; त्यांतला एक माझा लांबचा नातेवाईक होता, तो आजही माझ्याशी बोलत नाही. त्याच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. रात्री आठला आलेला ट्रक उतरवण्याची जादा मजुरी त्या गुदामात नव्हती. ती मी आधी मागितली असती, तर घाई झाली नसती. म्हणजे ओल शोधत गेलो, तर तिचा एक ओघळ माझ्या टेबलापर्यंत येत होता. पुढच्या करारात रात्रीच्या मालाला जादा दर आणि भिजलेल्या पोत्यांची वेगळी नोंद, ही दोन कलमे आम्ही एकत्र घातली. ती एकमेकांशिवाय चालत नाहीत.

मी आज कोणाला उपदेश करायला उभा नाही. व्यवहाराच्या चार गोष्टी मात्र सांगतो. धान्य भरण्यापूर्वी वाळवा; बारा-तेरा टक्क्यांच्या आत ओलावा असेल तर गहू टिकतो, चौदा-पंधराच्या वर गेला की बुरशीला आमंत्रण. पोती फरशीवर नको, फळ्यांवर. भिंतीला चिकटून नको, माणूस जाईल इतके अंतर ठेवून. रिकामे बारदान झाडून, उन्हात घालून मगच वापरा. आणि किडा दिसला की प्रथम त्याला मारू नका. तो कोठून येतो ते पाहा.

ह्यातले शहाणपण नवे नाही. हे चैत्र-वैशाखाचे दिवस आहेत. आज दुपारी येताना गल्लीत पाहिले, गच्चीवर आणि अंगणात गहू पसरलेले, डाळीला एरंडेल चोळणे चाललेले. माझी आई अशीच उन्हात बसून वर्षाच्या बेगमीचे धान्य वाळवत असे. मूठभर गहू घेई, एक दाणा दाताखाली धरी, आणि कट्ट आवाज आला तरच म्हणे, "भर आता." आवाज मऊ आला तर आणखी एक ऊन. तिने भिंग पाहिले नव्हते आणि अहास्वेरसचे नाव ऐकले नव्हते. पण तो किडा ज्या दाराने आत येतो, ते दार तिला ठाऊक होते.

तो काड्याची पेटी आणणारा गडी आता नाही. त्याची आठवण झाली म्हणजे वाटते, की त्या दिवशी त्याने चार किडे पायाखाली रगडले असते, तर माझ्या घोषणा चालूच राहिल्या असत्या आणि पन्हळ गळतच राहिली असती. त्याने ते उचलले, नीट पाहिले, आणि ज्याला अधिक कळते त्याच्याकडे पोचते केले. अशी पाहणारी माणसे गुदामात आहेत, शेतात आहेत, कारखान्यात आहेत. ते आपल्याला काही दाखवायला आले, तर दार उघडे ठेवा, एवढीच माझी विनंती.